मुरलेला रंग

माझ्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली 'रंगपारखी' असं लिहिलेलं आहे. ही पदवी तुम्हाला कोणी दिली, असं विचारणारे लोक कमी असतात, आणि जे विचारतात त्यांना मी घाईघाईने चहा मागवतो. ती मीच घेतली. पाटी रंगवणारा मीच असल्यामुळे तिथे विरोध करायला कोणी नव्हतं. ती उणीव बायको घरी भरून काढते. "पारखी म्हणे! एका पायात काळा मोजा, एका पायात निळा, असा परवा बँकेत जाऊन आला हा माणूस," असं ती आल्यागेल्याला सांगते.

मोज्यांचं सोडा, माझा धंदा भिंतींचा आहे. कारखान्यातले डबेबंद रंग मी ठेवत नाही. गेरू, काव, पिवडी असे जमिनीतून निघणारे रंग मी कुटतो, चाळतो आणि डिंकाच्या पाण्यात कालवून भिंतीला लावून देतो. या धंद्यातला पहिला नियम मी गिऱ्हाइकाला तो खुर्चीत टेकायच्या आत सांगतो: ओल्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. कोरड्या मातीत कणाकणाच्या मध्ये हवा असते. उजेड तिथे ठेचकाळतो आणि पांढुरका होऊन बाहेर येतो. पाणी शिरलं की त्या फटी बुजतात, उजेड आतच मुरतो, आणि तीच माती गडद, तजेलदार दिसायला लागते. म्हणून मी आधी फरशीच्या तुकड्यावर पट्टा ओढतो, तो शेगडीपाशी सुकवतो, आणि मगच भिंतीशी ताडून बघतो. हे सगळं मी हातवारे करून सांगतो. जांभया देणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

दुसरा नियम हा माझा स्वतःचा शोध होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. मातीचा रंग मुरतो. बाकीचे रंग वर्षागणिक उडतात, हा गडद होत जातो. कोणी पुरावा मागितला तर मी त्याला थेट ताईच्या घरी घेऊन जायचो.

ताईच्या पुढच्या खोलीतली ती भिंत भावोजींनी स्वतः रंगवली होती. भावोजी घड्याळं दुरुस्त करायचे. ब्रश म्हणून त्यांनी आयुष्यात हातात धरलेली सगळ्यात मोठी वस्तू मुंगीच्या मिशीएवढी होती. पण घराचा पाया खणताना खालून केशरी-लाल माती निघाली, ती त्यांच्या मनात भरली. त्यांनी ती पोत्यात भरून ठेवली, उन्हात वाळवली, ताईच्या जुन्या ओढणीतून चाळली आणि एका रविवारी भिंतीला लावली. घरात रंगाचा धंदा करणारा मेहुणा असताना त्याला त्यांनी शिडी धरायला उभं केलं. मी शिडी धरली आणि दिवसभर सूचना देत राहिलो. त्यांनी एकही ऐकली नाही.

पुढे घरातली माणसं वाढली म्हणून त्या भिंतीच्या मागच्या बाजूला न्हाणीघर काढलं. आणि मग हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सावकाश, भिंतीचा रंग गडद होत गेला. केशरीचा विटकरी झाला, विटकरीचा पिकल्या फळासारखा खोल लाल. "मुरतोय," मी भावोजींना सांगितलं. तो शब्द त्यांना इतका आवडला की संध्याकाळी दोघं भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसली की ते रोज म्हणायचे, "बघ, मुरतोय." ताई म्हणायची, "हो, मुरतोय." त्यांच्या घरात टीव्ही होता, पण तो भाचीच्या खोलीत असायचा.

उन्हाळ्यात ती भिंत गार असायची. हात ठेवला की बरं वाटायचं. मी गिऱ्हाइकांचे हात धरून तिथे टेकवायचो आणि म्हणायचो, "बघा! मातीची भिंत श्वास घेते. सिमेंटला जमेल का हे?" लोक हात मागे घ्यायचे आणि तळवा पाटलोणीला पुसायचे. त्यांनी तळवा का पुसला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. त्यातले काही जण पुढे तक्रार घेऊन यायचे की आमचा रंग काही मुरला नाही हो. त्यांना मी धीर धरा म्हणायचो. काही बिचारे अजून धरून बसलेत.

भावोजी गेले त्यानंतर पुढच्याच उन्हाळ्यात ताईचा फोन आला.

"अरे, भिंतीचा तुकडा पडला."

मी गेलो. खिडकीच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ताटाएवढा गिलावा निखळला होता. ताईने खालचे तुकडे एकूण एक वेचून बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले होते. डबा मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली होती.

"ह्यांचे कपडे दिले, घड्याळाची हत्यारं दिली, चष्मासुद्धा दिला कोणालातरी," ती म्हणाली. "हातचं म्हणून एवढी भिंतच राहिलीय. ती होती तशी करून दे मला. समोर बसलं की काही झालंय असं दिसता कामा नये. बाकी मला काही नको."

पण मी पारखी पडलो, त्यामुळे मी लगेच बोलायला लागलो.

भाचीने डबा उघडून माझ्यापुढे धरला. "मामा, हे तुकडे भिंतीपेक्षा फिके दिसतायत."

खरंच दिसत होते. चांगलेच फिके, केशरी. खरं तर या ठिकाणी शाळकरी मुलालाही शंका आली असती. मला आला तो उपदेशाचा उमाळा.

"भिंतीपासून सुटला की मातीचा रंग मरतो," मी म्हणालो.

"रंग मरतो म्हणजे काय होतं?"

"तुला नाही कळायचं. ते ओळखायला नजर लागते."

असं म्हणून मी तो डबा अंगणातल्या कुंडीत रिकामा केला. आणखी एक गोष्ट मी ठासून सांगितली. भावोजींनी रंग लावला तेव्हा मी तिथे होतो, तो रंग मला जसाच्या तसा आठवतो, आणि तो हाच, हा भिंतीवर दिसतो तोच. एका दमात मी रंग मुरल्याचंही सांगितलं आणि पहिल्यापासून असाच असल्याचंही सांगितलं. मला कोणी अडवलं नाही. घरातल्या तज्ज्ञाला कोण अडवणार!

गवंड्याने सवयीने पाणी न शोषणारा मसाला भरून खड्डा सपाट केला. त्यावर मी कामाला लागलो. गेरूत काव घातली, चिमटीचिमटीने काजळी घातली. पट्टे ओढले, शेगडीपाशी सुकवले, भिंतीशी ताडले, पुसले, पुन्हा ओढले. सकाळच्या उजेडात बघितलं, दिव्याच्या उजेडात बघितलं. भिंतीचा खोल लाल काही केल्या कोरड्या मातीत उतरेना. मी म्हटलं, मुरलेला रंग आहे, सहजासहजी हाती लागणार नाही. शेवटी लागला. तो ठिगळावर चढवून सुकला तेव्हा मी स्वतःच माझं काम शोधत भिंतीवरून बोट फिरवत राहिलो. सापडेना.

ताई उठून भिंतीपाशी आली. खूप वेळ बघत राहिली. मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. माझ्या डोक्यावर आता केस फारसे नाहीत, तरी तो हात मला अजून आठवतो. मी भिंतीचा फोटो काढला आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावला.

पावसाळा गेला, थंडी सुरू झाली आणि ताईच्या न्हाणीघरातल्या नळाची धार बारीक झाली. प्लंबर आला, त्याने आतून भिंत फोडली. वरून आडवा गेलेला पाइप जागोजागी सांध्यात पाझरत होता. त्याने तो काढून नवा टाकला, फरशी बसवली आणि निघून गेला. हे भाचीने मला फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "बरं झालं." पाइप कुठल्या भिंतीत होता हे मी विचारलं नाही, कारण नळ हा काही माझा विषय नव्हे.

त्यानंतर ताईचे फोन सुरू झाले.

"अरे, भिंत वरून पांढरी पडत चाललीय."

"थंडीचा उजेड असाच असतो ताई."

"आता खिडकीच्या उंचीपर्यंत खाली आलंय."

"दिवा बदल. पिवळा लाव."

तिने दिवा बदलला. मग मी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयात इतकी चांगली नजर ते क्वचित बघतात. भावालाही घेऊन या, असं ते म्हणाले नव्हते. ते वाक्य भाचीने पदरचं जोडलं.

शेवटी मी गेलो. खोलीत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकलो. अख्खी भिंत फिकट केशरी झाली होती, आणि तिच्यात माझं ठिगळ गडद लाल, कडा न कडा दिसेल असं उठून आलं होतं. एखाद्या शुभ्र सदऱ्याला लाल खिसा शिवावा तसं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती उरलेल्या भिंतीकडे बघत होती.

"ह्यांचा रंग चाललाय," ती म्हणाली. "आणि तू म्हणालास हा उडत नाही."

यावर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. मी म्हणालो, "धूळ आहे ही. प्लंबरने फोडाफोडी केली त्याची. ओलं फडकं आण."

भाचीने फडकं पिळून दिलं. मी ते भिंतीवरून अलगद फिरवलं, आणि काय सांगू! फडक्याखालून तो जुना, खोल, मुरलेला लाल जसाच्या तसा बाहेर आला. ठिगळाशी तंतोतंत जुळला. मी वळून दोघींकडे असं बघितलं, जणू रंग मीच निर्माण केलाय. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "हाच. हाच तो." भाची चहा टाकायला गेली. मी धूळ या विषयावर बरंच बोललो. धूळ किती सूक्ष्म असते, ती सामान्य माणसाला कशी दिसत नाही, वगैरे.

चहाचा कप अर्धा झाला तेव्हा ताई म्हणाली, "परत जातोय."

पुसलेला पट्टा कडेकडून फिका होत आत सरकत होता. आम्ही तिघं बघत बसलो आणि चहा संपायच्या आत तो पुसून गेला. ओल्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही, हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असेन. ते आता माझ्याच कानात कोणीतरी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणत होतं.

मी उठून न्हाणीघरात गेलो. नव्या फरशीकडे बघितलं, पाइप कुठून कुठे गेलाय ते बघितलं. परत येऊन भिंतीला हात लावला. ती गार नव्हती. ती इतर कुठल्याही भिंतीसारखी होती.

सगळं एकदम उमगलं. गार लागायची ती ओल होती. लोक तळवे पुसायचे ते ओलीमुळे. गिलावा पडला तो ओलीमुळे. डाग असता तर त्याला कड असती आणि ती मला दिसली असती. पण पाइप वरून आडवा, पाझर सगळीकडून सारखा, त्यामुळे अख्खी भिंतच एक डाग झाली होती, आणि मी त्या डागाची वर्षानुवर्षं जाहिरात केली होती. आणि त्याच्याशी मी कोरडा रंग जुळवला होता! कामात काडीची चूक नव्हती. फक्त भिंत चुकीची होती. खरा रंग त्या बिस्किटांच्या डब्यात होता, आणि तो मी कुंडीत ओतला होता.

"ताई," मी म्हणालो, "भिंत ओली होती. पाइप गळत होता. हा आत्ताचा फिका, तोच भावोजींनी लावलेला रंग आहे."

"हा?"

"हा."

"ह्याला मी ओळखत नाही," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी इथे बसून म्हणायचे, बघ, मुरतोय. मीही म्हणायचे, हो, मुरतोय. आणि तू आता म्हणतोस, मुरत नव्हता, गळत होता."

मी चपला घालून निघालो. घरी गेलो तर बायकोने चेहरा बघून मोज्यांचा विषयसुद्धा काढला नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि मला लाज वाटण्याचे प्रसंग तसे नियमित येतात.

एवढं मात्र ठरवलं की ठिगळ तरी बरोबर करायचं. ताईने मागितलं होतं ते तेवढंच, काही झालंय असं दिसू नये. भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबलो. भाचीकडून भिंतीची एक सुकी खपली मागवून फिका केशरी जुळवला. या वेळी बडबड न करता जुळवला, त्यामुळे लवकर जमला. डबा घेऊन सकाळीच ताईकडे पोचलो.

दार उघडं होतं. ताई कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन भिंतीसमोर उभी होती. खुर्चीसमोरचा हातभर भाग तिने भिजवला होता आणि तो लालबुंद झाला होता. त्याच्या खालून लाल पाण्याचे ओघळ निघून जमिनीपर्यंत आले होते, आणि ओघळांच्या वाटेवर पांढरा गिलावा दिसत होता. हे आजचं एका दिवसाचं काम नव्हतं.

"ताई! हे काय करतेस? धुऊन निघेल सगळा!" मी ओरडलो. फवारा तिच्या हातातून हिसकावूनच घेतला.

"सकाळी एकदाच मारते," ती म्हणाली. "चहा होईपर्यंत टिकतो. तूच दाखवलंस ना?"

मीच दाखवलं होतं. मी डबा खाली ठेवून भावोजींच्या खुर्चीत बसलो. तिला सांगितलं की आतली ओल वेगळी आणि वरून मारलेलं पाणी वेगळं, असंच चाललं तर फिका का होईना, त्यांच्या हातचा जो रंग उरलाय तोही जमिनीवर येईल. डिंक सुटला की माती थांबत नाही. ती ऐकत होती. पहिल्यांदाच मी जे बोलत होतो ते खरंही होतं आणि कामाचंही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "नाही मारणार पाणी. पण तुझ्या त्या डब्यात काय आहे?"

"ठिगळाचा रंग. बरोबर जुळवलाय आता. एक हात मारला की भिंत एकसारखी होईल."

तेव्हा मला दिसलं की तिची खुर्ची जागची हलली होती. ती खिडकीकडे, ठिगळाच्या अगदी समोर आली होती.

"त्याला हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "झाकण लाव डब्याचं."

"अगं, पण ते किती वाईट दिसतंय! भिंतीवर लाल ताट ठोकल्यासारखं. लोक काय म्हणतील मला?"

"लोकांना तुला काय म्हणायचं ते म्हणू देत. माझ्या घरात तेवढाच तो रंग राहिलाय."

मी काही बोलणार तेवढ्यात दारात एक बाई उभ्या दिसल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दातांच्या डॉक्टर. त्यांना दवाखान्याच्या भिंतीसाठी मातीचा रंग हवा होता, आणि काही महिन्यांपूर्वी, भिंत सुकायला लागायच्या आधी, मीच त्यांना पत्ता देऊन म्हटलं होतं, कधीही जा, मुरलेला रंग म्हणजे काय ते डोळ्यांनी बघा. नेमक्या आजच त्या आल्या होत्या. मी डबा खुर्चीमागे सारला, पण भिंत कुठे सारणार?

त्यांनी भिंत बघितली. फिकी भिंत, पांढरे ओघळ आणि खिडकीच्या बाजूला माझं ठिगळ. "हा डाग कसला आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. धूळ, थंडीचा उजेड, पिवळा दिवा, सगळं जिभेवर तयार होतं.

"डाग नाही तो," ताई म्हणाली. "तेवढीच भिंत बरोबर आहे. बाकीची सुकलीय."

डॉक्टरीणबाई जवळ जाऊन वाकून बघू लागल्या. ठिगळाकडे बघितलं, मग शेजारच्या अजून ओल्या असलेल्या हातभर भागाकडे. एकदा इकडे, एकदा तिकडे. "आमच्याकडेही असंच असतं," त्या म्हणाल्या. "नवा दात बसवायचा तर बाजूच्या दाताचा रंग आम्ही तो तोंडात ओला असतानाच बघून घेतो. सुकला की दात पांढरा पडतो. त्यावरून रंग घेतला तर तो दात त्या माणसाचा वाटतच नाही." मग त्यांनी सरळ होऊन विचारलं, "कोणी जुळवलाय हा?"

"माझ्या भावाने," ताई म्हणाली. "रंगपारखी आहे तो."

तो शब्द घरात कोणी थट्टा न करता उच्चारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या, आता मी काहीतरी सांगेन म्हणून थांबल्या होत्या.

"चुकून जुळलाय," मी म्हणालो.

ताईने त्यांना बसायला भावोजींची खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला पाठवलं. मी आत जाऊन आधण ठेवलं. बाहेर ताई त्यांना काहीतरी सांगत होती. पाण्याच्या आवाजात सगळं ऐकू आलं नाही, पण 'मुरतोय' एवढं ऐकू आलं. चहा घेऊन आलो तेव्हा ओला भाग सुकून केशरी झाला होता. दोघी माझ्या ठिगळाकडे बघत बसल्या होत्या.